हॅप्टोग्लोबिनवरही लिहा
पेशीबाहेरची, घडी बिघडलेली प्रथिने रक्तातलं क्लस्टरिन हे प्रथिन कसं धरून ठेवतं, हे तुमच्या लेखात छान उलगडलंय. पेशीच्या आत एटीपीच्या (ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या) जोरावर ही घडी पुन्हा बसवता येते. रक्तात ती सोय जवळजवळ नाहीच, म्हणून नुसतं धरायचं, गोळा होऊ द्यायचा नाही आणि विल्हेवाटीसाठी पेशींकडे सोपवायचं. पण हॅप्टोग्लोबिन हे रक्तातलं दुसरं प्रथिन एका ओळीत उरकलंत, ते खटकलं. तेही हेच काम करतं, शिवाय फुटलेल्या तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन पकडतं. मी नंदुरबारला लॅबमध्ये आहे. धडगाव, अक्कलकुव्याकडून सिकलसेलचे पेशंट येतात; या आनुवंशिक आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या होऊन लवकर फुटतात. सेंट्रीफ्यूजमधून (रक्त वेगाने फिरवणाऱ्या यंत्रातून) नळी काढली की वरचा द्रव, म्हणजे सीरम, बरेचदा गर्द पिवळं, पेशी फुटत असल्याची खूण. त्यांचं हॅप्टोग्लोबिन हिमोग्लोबिन पकडण्यातच सतत खर्च होतं, कधी मोजण्याइतकंही उरत नाही. मग त्यांच्या रक्तातली बाकीची बिघडलेली प्रथिने कोण सांभाळतं? यावर सविस्तर लेख हवाच.