काळी म्हणजे कडक? ब्राऊन एलबद्दल खुलासा

ब्राऊन एल म्हणजे तपकिरी रंगाची एक बिअर. तिच्याबद्दल साताऱ्यातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘अमेरिकन ब्राऊन एलमध्ये जळका गूळ घालतात, जितकी काळी तितकी कडक.’ दोन्ही चूक.

रंग येतो भाजलेल्या माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवातून. कंदी पेढ्याचा तपकिरीपणा खवा भाजल्याने येतो, रंग टाकून नव्हे, तसंच हे. आणि कडकपणाचा रंगाशी संबंध नाही. या एलमध्ये अल्कोहोल साधारण ४.३ ते ६.२ टक्के. आपल्याकडची पिवळीधमक ‘स्ट्राँग’ ८ टक्क्यांपर्यंत जाते!

बिअरच्या स्पर्धेत परीक्षक बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या पत्रकावर ५० पैकी गुण देतात. त्यात दिसण्याला फक्त ३, वासाला १२, चवीला तब्बल २०. (उरलेले तोंडातल्या जाणिवेला ५, एकूण छापेला १०.) चवीत ते चॉकलेट, कॅरमेल, भाजक्या दाण्यांची झाक शोधतात. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) कडूपणा हवा, पण माल्टला झाकणारा नको. करपट कॉफीसारखी लागली तर ती पोर्टरकडे, म्हणजे आणखी गडद, भाजकट बिअरकडे झुकली म्हणायची. आणि हो, बर्फगार पिऊन यातलं काही कळत नाही. ग्लास थोडा वेळ हातात धरून गारवा कमी होऊ द्या, मग हुंगा.