‘पासवर्ड काढा, स्पीड दुप्पट करा’ म्हणे!

‘नेट कंपन्या हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत! राउटरची ५ सेटिंग्ज बदला, स्पीड दुप्पट!!’ हा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. एरवी मी असले मेसेज वाचतही नाही. पण आमच्या काकांनी तो वाचला, चष्मा चढवून राउटरचं सेटिंगचं पान उघडलं आणि पहिल्या दोन सूचना तंतोतंत अमलात आणल्या. मग टीव्ही, प्रिंटर आणि काकूंचा मोबाइल असं सगळंच नेटवरून गायब झालं, आणि मला फोन आला. तेव्हा एकदा लिहूनच टाकतो.

सूचना पहिली: ‘१९२.१६८.१.१ हा तुमच्या राउटरचा पत्ता सगळ्या हॅकर्सना माहीत आहे, ताबडतोब बदला.’ माहीत असणारच, लाखो घरांत हाच पत्ता आहे! असे काही पत्ते खाजगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले आहेत. १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात ते नोंदवलेले आहेत. घराबाहेरच्या इंटरनेटवर ते चालतच नाहीत. चोराला आपल्या घरात स्वयंपाकघर आहे हे कळलं म्हणून कुणी ओटा हलवत नाही. काकांनी पत्ता बदलला, आणि प्रिंटरला हाताने दिलेला जुना आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) निकामी झाला; निष्पन्न एवढंच. हां, राउटरच्या पानाचा ‘ॲडमिन’ हा मूळ पासवर्ड तसाच असेल तर तो मात्र बदला. गंमत म्हणजे फॉरवर्डात नेमकं तेवढंच नाही.

आता दुसरी सूचना. ही वाचून डोकंच फिरलं: ‘सिक्युरिटी मोड ‘नन’ (म्हणजे काहीच नाही) करा. पासवर्ड तपासण्यात राउटरची अर्धी ताकद जाते. घाबरू नका, एसएसआयडी (वायफायचं नाव) हाइड करा, म्हणजे तुमचं वायफाय कुणाला दिसणारच नाही.’

एक तर पासवर्डची तपासणी जोडणी होताना होते, व्हिडिओच्या प्रत्येक सेकंदाला नाही. डेटा सांकेतिक करण्याचं काम सतत चालतं हे खरं, पण त्यासाठी राउटरच्या चिपमध्येच सोय असते. या गप्पेचा उगम कुठे असेल ते मला माहीत आहे, आणि तेवढं मान्यही करतो: डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी ही सुरक्षेची जुनाट सेटिंग्ज ठेवली, तर वायफायच्या ‘एन’ आणि पुढच्या पिढीचे राउटर ५४ एमबीपीएसच्या जुन्या वेगावर उतरतात. पण त्यावर उपाय डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा निवडण्याचा आहे, कुलूपच काढून टाकण्याचा नव्हे. उघड्या वायफायवर शेजारची पोरं मॅच बघणार, तुमचा एफयूपी (प्लॅनमधला ठरलेला डेटा) संपणार, आणि स्पीड दुप्पट व्हायच्या ऐवजी रांगायला लागणार.

राहिलं नाव लपवणं. ॲपलने राउटरसाठीच्या शिफारशींमध्ये साफ लिहिलंय की नाव लपवल्याने नेटवर्क सापडायचं थांबत नाही आणि ते सुरक्षितही होत नाही. उलट, राउटर स्वतः नाव सांगत नाही म्हणून फोनलाच त्या नावाने हाका मारत फिरावं लागतं; स्टेशनवर, बाजारात, सगळीकडे. म्हणजे लपवायला गेलो आणि दवंडी पिटली. ‘मॅक फिल्टर लावा’, म्हणजे ठरावीक उपकरणांनाच आत घ्या, हा पुरवणी सल्लाही तिथेच निकालात निघतो: उपकरणाच्या मॅक पत्त्याची सहज नक्कल करता येते.

आणि उघडं वायफाय महाराष्ट्रात कुठवर नेऊ शकतं हे आपण इतक्यात विसरलो? २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना जो ईमेल गेला, त्याचा आयपी निघाला नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका अमेरिकन माणसाच्या फ्लॅटचा. एटीएस (दहशतवादविरोधी पथक) त्याच्या दारात. त्याचा संबंध एवढाच की वायफाय नीट बंदिस्त नव्हतं. सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी तीच गोष्ट, या वेळी चेंबूरच्या एका कंपनीचं कनेक्शन. पोलिसांपुढे आयपी येतो तो ज्याच्या नावावर बिल आहे त्याचा. काकांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा गप्प बसले.

बाकीच्या तीन सूचना उरकतो. ‘डीएनएस ८.८.८.८ टाका, डाउनलोड रॉकेट’: डीएनएस फक्त साइटच्या नावावरून तिचा आकडा शोधून देतो. कंपनीचा डीएनएस वारंवार झोपत असेल तर पानं लवकर उघडायला लागतील, हे कबूल. पण १०० एमबीपीएसचा प्लॅन १०० चाच राहणार. ‘२.४ गिगाहर्ट्झवर चॅनेलची रुंदी ४० करा’: चाळीत किंवा सोसायटीत हे करू नका. २.४ वर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. तुम्ही दुप्पट जागा अडवलीत की तुमच्यासकट सगळ्यांचा गोंगाट वाढतो. २० च ठेवा. ‘रात्री राउटर बंद करा, किरणं घातक’: हे सांगणारे स्वतः मोबाइल उशीखाली घेऊन झोपतात. बंद करायचा तर खुशाल करा, फक्त फायबरवरचा लँडलाइन आणि दारावरचा कॅमेराही झोपेल हे ध्यानात असू द्या.

ज्यांनी काकांसारखं करून ठेवलंय त्यांच्यासाठी: सिक्युरिटीत डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ निवडा, नवा लांबलचक पासवर्ड द्या, एसएसआयडी पुन्हा दिसू द्या. मग प्रत्येक फोनमध्ये ते नेटवर्क ‘फर्गेट’ करून नव्याने जोडा, नाहीतर जुनीच नोंद धरून अडून बसतात. काकांकडे नेट हळू का होतं म्हणाल, तर राउटर टीव्हीच्या मागे कपाटात कोंबलेला, आणि ५ गिगाहर्ट्झचं वेगवान नेटवर्क असूनही सगळी मंडळी २.४ वर. का, तर त्या नावापुढे ‘५जी’ दिसत होतं आणि काकूंच्या फोनचं सिम ४जी होतं!