लाकडी स्नेअरची कड, मेपल आणि पावसाळा: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. लाकडी स्नेअर (खालच्या बाजूला तारा ताणलेला ड्रम) कसा तपासायचा यावरच्या माझ्या लिखाणाला आलेली तुमची प्रतिक्रिया सविस्तर होती, म्हणून उत्तरही लांबलंय. तुमचे आक्षेप तीन. शेल, म्हणजे ड्रमचं लाकडी कडं, काचेवर ठेवून आत दिवा लावायचा आणि कडेखालून उजेड येतो का ते बघायचं, ही माझी पद्धत चुकीची, कारण तुमच्या १४ बाय ६.५ इंची मेपल स्नेअरच्या खालच्या बाजूला समोरासमोर दोन ठिकाणी उजेड दिसला आणि दुकानदाराने 'ते तसंच असतं' म्हणून सांगितलं. दुसरं, मी मेपलला उगाच कमी लेखतो. तिसरं, आपल्या पावसाळ्यात लाकडी स्नेअर म्हणजे पैसे पाण्यात.

दुकानदार बरोबर बोलला, पण त्यामुळे पद्धत खोटी ठरत नाही. त्या दोन जागा म्हणजे स्नेअर बेड. तारा हेडला (ड्रमवर ताणलेल्या पडद्याला) सपाट टेकाव्यात म्हणून खालची कड तिथे मुद्दाम उतरवलेली असते. तिथे उजेड दिसलाच पाहिजे. वरच्या कडेला मात्र कुठेच दिसता कामा नये.

आता तो बेड नीट मोजा, कारण तारांच्या नकोशा खरखरीच्या बऱ्याच तक्रारी तिथूनच येतात. दोन्ही हेड काढा, खालची कड १० ते १२ मिमी जाडीच्या काचेवर टेकवा. ओट्याचा ग्रॅनाइट नको, तो बहुधा लहरी असतो. बेडच्या मध्यावर, फटीत मावतील तितके झेरॉक्सचे कागद सरकवा. ८० जीएसएमचा एक कागद साधारण ०.१ मिमी, म्हणजे दहा कागद मावले तर खोली १ मिमी. लाकडी स्नेअरला १ ते २ मिमी पुरते. दोन्ही बाजूंचा आकडा जवळजवळ सारखा हवा, आणि एक बेड स्ट्रेनरच्या (तारा आवळायच्या खटक्याच्या) आणि दुसरा समोरच्या बटच्या (तारांचं दुसरं टोक धरणाऱ्या पकडीच्या) बरोबर मध्यावर हवा. उतार हळूहळू चढावा. खाच मारल्यासारखा बेड असला तर खालच्या हेडला तिथे सुरकुती पडते. बेड उथळ असला तर तारांची टोकं कडेवर अडतात, मधला भाग हेडला नीट बसत नाही, आणि मग माणूस स्ट्रेनर आवळत सुटतो. खरखर जात नाही, आवाज तेवढा गुदमरतो. नेहमीच्या २० तारांच्या सेटऐवजी ४२ तारांचा रुंद सेट लावला असेल आणि बेड अरुंद असेल, तरी हेच होतं.

गोलाई तपासायला टेपपेक्षा नवं हेड बरं. रिम (हेड दाबून धरणारी कडी) न लावता ते शेलवर ठेवा. आपल्या वजनाने खाली बसलं पाहिजे आणि बोटाने सहज फिरलं पाहिजे. कुठे अडकलं तर शेल अंडाकृती आहे, नाहीतर वरचं रॅप (शेलवर चिकटवलेलं प्लास्टिकचं आवरण) किंवा पॉलिश जाड झालंय. असा ड्रम सगळे लग (हेड ताणायच्या स्क्रूच्या जागा) सारखे आवळूनही एका बाजूला चढा आणि दुसऱ्या बाजूला ढिला बोलतो.

मेपलबद्दल. मी मेपलच्या विरोधात नाही, पाटीच्या विरोधात आहे. 'मेपल' लिहिलेल्या स्वस्त शेलमध्ये बाहेरचा थर मेपलचा आणि आतले पॉप्लरचे, असं सर्रास असतं. हेड काढलंच आहे तर कडेवरचे थर बघा: रंग आणि रेषा सारख्या आहेत का, मध्ये फट किंवा पुटी आहे का, सगळ्या थरांचे सांधे एकाच जागी तर आलेले नाहीत ना. शिवाय जाडी आणि कडेचा कोन यांचा आवाजावरचा परिणाम लाकडाच्या नावापेक्षा लवकर कानाला कळतो. ५-६ मिमीचं पातळ शेल खालच्या सुरात बोलतं, ८-१० मिमीचं चढ्या. ४५ अंशांची धारदार कड तेज आणि लांब वाजते, गोल घासलेली कड भरीव आणि आखूड. मेपल बरं की बर्चचं लाकूड, हा वाद यानंतर घाला. आणि लाकडाला दोष देण्याआधी वर १० मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) कोटेड, म्हणजे लेप दिलेलं, आणि खाली ३ मिलचं स्नेअर-साइड हेड आहे ना, ते बघा. खाली चुकून जाड हेड लावलेले ड्रम दुकानातही दिसतात, आणि त्यावर हलक्या ठोक्यांना तारा नीट बोलत नाहीत.

पावसाळ्याची भीती बरीचशी कातड्याच्या काळातली आहे. १९५० च्या दशकात पॉलिएस्टरची हेड आली, ती दमटपणाने ढिली पडत नाहीत. पाणी ओढते ती शेलची उघडी कड, कारण तिथे पॉलिश नसतं. तिच्यावर पॅराफिन मेणाचा पातळ हात फिरवा आणि कापडाने पुसून घ्या. हेडही सहज सरकतं. थरांचं शेल यात सर्वांत निर्धास्त, कारण एकाआड एक थरांचे रेषे आडवे-उभे असून एकमेकांना धरून ठेवतात. स्लिंगरलँड या अमेरिकी ड्रम कंपनीच्या 'रेडिओ किंग' स्नेअरसारख्या, एकच फळी वाफेवर वाकवून केलेल्या शेलचे रेषे गोलाईच्या दिशेने जातात, त्यामुळे फुगलं तर ते उंचीत आणि जाडीत, व्यास फारसा हलत नाही. उभ्या पट्ट्या जोडून केलेल्या स्टेव्ह शेलचं मात्र उलट: रेषे उभे, फुगवटा गोलाईत. मुंबई-कोकणात स्टेव्ह घेणार असाल तर आतूनही सील केलेलं घ्या आणि हेड जरा मोकळं बसतंय याची खात्री करा. अशा दमट भागात स्टेव्हबद्दल तुमचा आक्षेप मला मान्यच आहे. सरसकट सगळ्या लाकडी स्नेअरबद्दल नाही.

तुमच्या ड्रमच्या दोन्ही बेडमध्ये किती कागद मावतात आणि सेट किती तारांचा आहे, एवढं कळवा. सात-आठ कागदच मावत असतील तर तार बदलून पैसे घालवू नका, बेड खोल करून घ्यावा लागेल. ते काम राउटर (लाकडाची कड कापायचं यंत्र) आणि सपाट टेबल असलेल्या, ड्रमच्या कडा कापलेल्या माणसाकडेच द्या. सुताराने कानसीने घासलेली कड परत सरळ करायची तर शेलची उंचीच कमी करावी लागते.