समोरचा बोलत असताना नट काय करतो?

नट पारखायचा असेल तर त्याची स्वतःची वाक्यं सोडा, समोरचा बोलत असताना त्याच्याकडे बघा. तिथे खरंखोटं लगेच कळतं.

मराठी वाक्याचा निकाल शेवटी लागतो. 'मी तुला या घरातून जाऊ देणार' इथपर्यंत सगळं अधांतरी असतं. 'आहे' येतं की 'नाही', त्यावर ऐकणाऱ्याचा चेहरा फिरायला हवा. पण नटाला संहिता पाठ असते. 'घरातून'लाच त्याचे डोळे भरून येतात. प्रेक्षकाला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, प्रसंग मात्र खोटा वाटतो. बोलणाऱ्याचाही घात इथेच होतो: सगळा श्वास सुरुवातीला खर्च केला की क्रियापद पडतं आणि बाल्कनीत 'नाही' पोचतच नाही. माइकने हे सुधारत नाही, पडलेलं वाक्य फक्त मोठ्याने पडतं. मध्ये अर्थ जिथे तुटतो तिथे चोरून श्वास घ्यावा आणि शेवटच्या दोन शब्दांसाठी तो राखावा.

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकातली (रंगायन नाट्यसंस्था, १९६७) लीला बेणारे घ्या. सुलभा देशपांडे यांनी गाजवलेली ही भूमिका. लोकांना आठवतं ते शेवटचं स्वगत. पण त्याआधी, खेळ म्हणून मांडलेल्या खटल्यात, बेणारे बराच काळ आरोपीच्या पिंजऱ्यात असते, इतर बोलतात आणि ती ऐकते. कोणत्या साक्षीला ती हसण्यावारी नेते, कोणत्या शब्दाला आतून खचते, हे त्या ऐकण्यात ठरलं नसेल तर स्वगत म्हणजे नुसतं पाठांतर. मला तरी ही भूमिका स्वगतापेक्षा त्या गप्प बसण्यात जास्त अवघड वाटते.

बिघाड बहुतेक वेळा घरी, एकट्याने केलेल्या पाठांतरात होतो. शब्दांबरोबर ते म्हणण्याची चालही पाठ होते आणि मग समोरचा ओरडो की कुजबुजो, उत्तर त्याच चालीत येतं. म्हणून शब्द सपाट पाठ करावेत, चाल तालमीत येऊ द्यावी. तालमीत आपल्या वाक्याआधी समोरच्याचा शेवटचा शब्द मोठ्याने उच्चारावा. चार-पाच दिवसांनी तो शब्द काढून टाकावा, पण त्यावर आत आलेला श्वास ठेवावा. विचार सुचतो तो त्या श्वासावर.

हशाचंही तसंच. तो पूर्ण विरेपर्यंत थांबलं तर प्रसंग थंडावतो, चढता असताना बोललं तर वाक्य बुडतं. उतरू लागला की बोलावं, आणि तोवर पात्राने ऐकत राहावं, प्रेक्षकांकडे बघत उभं राहू नये.