यादीचा घोळ आधी मिटवा
एअर इंडियाच्या वैमानिकांच्या संपांवरच्या लेखातला 'लाखांत पगार घेणाऱ्यांनी कसली भांडणं काढायची' हा सूर अजिबात पटला नाही. वैमानिकाचं सगळं सेवाज्येष्ठतेच्या यादीवर अडलेलं असतं: कोपायलटचा कॅप्टन कधी होणार, मोठं विमान कधी मिळणार, नव्या बेसवर (नेमणुकीच्या शहरात) आधी कुणाचा नंबर, अगदी दिवाळीची सुट्टीसुद्धा. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या, पण पगार आणि ज्येष्ठतेचा प्रश्न भिजत ठेवला. मग २०११ मध्ये समान वेतनासाठी पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांचा संप, २०१२ मध्ये ड्रीमलायनर या नव्या विमानाच्या प्रशिक्षणावरून मूळच्या एअर इंडियाच्या वैमानिकांचा, तोही ५८ दिवस! प्रवाशांचे हाल झाले, मान्य. पण पगार-ज्येष्ठतेचा हा प्रश्न सोडवण्यासाठी धर्माधिकारी समिती नेमायलाच सरकारला चार वर्षं लागली, त्याचा जाब वैमानिकांना का विचारता?