फोटो पाठवू नका, एरर वाचा

आधीच सांगते, यापुढे मला कुणीही सी भाषेतल्या प्रोग्रॅमचा फोटो पाठवायचा नाही. कुणीही म्हणजे कुणीही. भाच्याने नाही, भाच्याच्या मित्राने नाही आणि त्या मित्राच्या सोसायटीतल्या हुशार मुलीने तर मुळीच नाही. मोबाईलवर काढलेला मॉनिटरचा तिरपा फोटो, त्यावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा, निम्मी ओळ अंगठ्याखाली. आणि खाली मेसेज, "मावशी, रन होत नाहीये. फक्त दोनच मिनिटं."

अरे, पण एरर काय येतोय?

"माहीत नाही गं. लाल लाल येतंय खूप."

लाल लाल येतंय! मग ते वाच ना बाबा! तुझ्यासाठीच लिहिलंय ते. कंपायलर, म्हणजे तुझा प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत नेणारा तो, काही स्वतःशी बडबडत बसलेला नाही. पण नाही, वाचायचं मावशीने. मावशी नाशिकच्या इंदिरानगरला घरी बसून काम करते, म्हणजे मावशी रिकामीच असणार. रविवारी सकाळी सगळं घर गंगापूर रोडला मिसळ खायला गेलेलं, समोर तर्री गार होतेय, आणि मी फोन वाकडा करून शोधतेय की कुठल्या ओळीतला अर्धविराम गेला. का, तर सोमवारी सबमिशन आहे. सबमिशन सोमवारी आहे हे रविवारीच कळतं सगळ्यांना.

प्रोग्रॅमही सगळ्यांचा तोच. वर्गसमीकरण सोडवा. ए, बी, सी घ्यायचे, बी वर्ग वजा चार ए सी काढायचं. उत्तर धन आलं तर दोन वेगळी मुळं, शून्य आलं तर दोन्ही सारखी, ऋण आलं तर वास्तव मुळं नाहीत. दहावीच्या बीजगणितातला विवेचक, दुसरं काही नाही. ही पोरं तो झोपेतून उठवलं तरी सांगतील. त्यामुळे पोरं ढ आहेत असं कुणी म्हणू नका, माझं डोकं अजून फिरेल.

माझा राग आहे तो त्या नोट्सवर. कॉलेज रोडला झेरॉक्सच्या दुकानात मिळतात त्या, आणि ग्रुपवर पीडीएफ होऊन फिरतात त्याही. कुणीतरी कधीकाळी प्रोग्रॅम वर्डमध्ये टाइप केला. वर्ड पडलं शहाणं, त्याने साध्या सरळ अवतरणचिन्हांची वळणदार, छापील चिन्हं करून टाकली. दिसायला सुंदर. सी भाषेला मात्र ती चिन्हं कळतच नाहीत, तिला सरळच लागतात. पोरगं बिचारं पीडीएफमधून कॉपी करतं, कंपायलरमध्ये पेस्ट करतं आणि आभाळ फाटतं. ते एक वळणदार चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइट्सचं असतं, आणि जुना जीसीसी कंपायलर प्रत्येक बाइटबद्दल वेगळी तक्रार करतो. 'स्ट्रे ३४२ इन प्रोग्रॅम', 'स्ट्रे २००', 'स्ट्रे २३४', म्हणजे अमुक नंबरचा भटका बाइट घुसलाय. उघडणारं आणि मिटणारं धरून एका प्रिंटएफमागे, म्हणजे स्क्रीनवर मजकूर दाखवायच्या एका आज्ञेमागे, सहा एरर. वर अवतरणच ओळखलं नाही म्हटल्यावर आतलं वाक्यही उघडं पडलं. मग कंपायलर विचारतो, हे 'एंटर' नावाचं व्हेरिएबल तुम्ही जाहीर कुठे केलंय? कुठेच नाही रे बाबा, ते 'एंटर द व्हॅल्यूज'मधलं एंटर आहे!

वजाबाकीचं तेच. वर्डने छोट्या रेघेची लांब रेघ केली की ती वजाबाकी उरत नाही. डोळ्याला फरक दिसत नाही, कंपायलर पुन्हा ३४२ म्हणून ओरडतो. आता सांगा, पहिल्या महिन्यात कुठल्या पोराला कळणार आहे की आपण टाइप केलेलं 'वजा' हे वजा नाहीये?

दुसरी तऱ्हा लॅबची. तिथे अजून डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉसचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ती निळी खिडकी उघडतात, टर्बो सी प्लस प्लस नावाचा कंपायलर. बोरलँडने १९९० मध्ये बाजारात आणलेली वस्तू. नोट्स तिच्यासाठी लिहिलेल्या, म्हणून वरच 'कोनिओ डॉट एच' ही तिची फाइल, मग स्क्रीन पुसणारं क्लीअर स्क्रीन, शेवटी बटण दाबेपर्यंत थांबणारं गेटसीएच, आणि प्रोग्रॅमच्या सुरुवातीचं 'व्हॉइड मेन' तर पाचवीला पुजलेलं. यातल्या क्लीअर स्क्रीनला सीच्या १९८९ च्या प्रमाण आवृत्तीतही जागा नव्हती. पोरगं सिडकोतल्या घरी येऊन मोबाईलवर ऑनलाइन कंपायलर उघडतं, तो बहुतेकदा लिनक्सवर चालणारा, तो म्हणतो कोनिओ अशी फाइलच नाही. पोराला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. सर म्हणतात, लॅबमध्ये चालतंय ना, मग झालं तर.

अर्धविरामाचं काय सांगू, सीमधलं वाक्य त्यानेच संपतं. तो राहिला की चूक सातव्या ओळीत, बोंब बऱ्याचदा आठव्या ओळीवर. कारण सातवी ओळ संपली नाही हे कंपायलरला आठवी वाचायला घेतल्यावरच कळतं. महिरपी कंस राहिला तर त्याहून वाईट, बोट थेट फाइलच्या शेवटच्या ओळीकडे, आणि कंस गळालाय वर 'इफ'पाशी. म्हणून पहिला एरर बघायचा, त्याच्या एक ओळ वर बघायचं, तेवढाच दुरुस्त करायचा आणि पुन्हा कंपाइल करायचं. खालचे निम्मेअधिक आपोआप जातात. पाच मिनिटांत शिकवून होतं हे. कुणी शिकवत नाही! अख्खं सेमिस्टर डेटा टाइपच्या व्याख्या घोकून घेतात, एरर कसा वाचायचा यावर एक तास नाही. व्हायवाला विचारतात काय, तर सी कुणी बनवली. डेनिस रिची, बेल लॅब्स, छान. पण 'इनव्हॅलिड सफिक्स एसी ऑन इंटिजर कॉन्स्टंट' म्हणजे काय ते विचारा की. वहीत लिहितात तसं चार ए सी सलग लिहिलंस, मध्ये गुणाकाराची चांदणी दिली नाहीस, एवढंच तो म्हणतोय. इतकं स्वच्छ तर घरातली माणसंही बोलत नाहीत.

आणि खरा संताप पुढेच आहे. लाल गेलं की सगळे खूश. भाच्याने परवा विजयी मुद्रेने आउटपुटचा फोटो पाठवला (फोटोच!). एक्स वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा. मुळं दोन आणि तीन, तोंडी सुटणारं गणित. स्क्रीनवर ४.५६ आणि ०.४४. विवेचक यायला हवा १, आला १७. का? कारण नोट्समध्ये बी वर्ग म्हणून बी, वर छपराचं चिन्ह आणि दोन असं छापलंय. सीमध्ये ते छप्पर म्हणजे घात नाही, ती बिट्सची एक्सऑर क्रिया आहे, दोन बिट वेगळे तर एक, सारखे तर शून्य. शिवाय तिचा नंबर वजाबाकीच्याही नंतर लागतो. म्हणजे आधी दोन वजा चोवीस, उणे बावीस, आणि मग उणे पाच एक्सऑर उणे बावीस. सतरा. व्हेरिएबल इंटिजर, म्हणजे पूर्णांक होते म्हणून कंपायलर गप्प बसला. फ्लोट, म्हणजे दशांशवाले असते तर तिथल्या तिथे ओरडला असता, आणि त्या ओरडण्याची मी आरती केली असती.

मी विचारलं, अरे, हे उत्तर चूक आहे हे तुला दिसलं नाही? दहावीत गणितात पंच्याण्णव होते ना तुला?

"दिसलं गं. पण एरर नाही ना आता. आणि सगळ्यांचं तेच येतंय. सरांनी सही पण केली."

सही केली! अख्ख्या बॅचच्या जर्नलमध्ये दोन आणि तीनच्या जागी ४.५६ आणि ०.४४, खाली लाल शाईत सही आणि तारीख. त्या सरांचा नंबर द्या मला कुणीतरी. मीही आउटपुटचा फोटो काढून पाठवते, तिरपा, ट्यूबलाइटसकट, आणि खाली लिहिते, सर, फक्त दोनच मिनिटं.