‘तीन वर्षांपेक्षा जुना कागद रद्दीत’? आधी ट्रंक बंद करा

सध्या व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मजकूर फिरतोय: ‘दिवाळीआधी घराबाहेर काढा या ९ वस्तू, लक्ष्मी आपोआप येईल.’ वर कमळ, खाली जोडलेले हात आणि मध्ये थोडं जपान, थोडं वास्तुशास्त्र, थोडं ‘हार्वर्डने सिद्ध केले आहे’. फॅमिली ग्रुपवर तो आला तेव्हा मी सोडून दिला. असल्या मजकुराच्या नादी कोण लागणार! पण परवा आत्याचा फोन. ‘दादांच्या ट्रंकेतले कागद खाली काढलेत, रविवारी रद्दीवाला येतोय, तुला काही हवंय का बघून जा.’ दादा म्हणजे माझे आजोबा. ती ट्रंक माळ्यावरून खाली आली ती या मजकुरातल्या चौथ्या मुद्द्यामुळे. तेव्हा सुरुवात चौथ्यापासूनच.

‘तीन वर्षांपेक्षा जुना कोणताही कागद घरात ठेवू नका. जुने कागद म्हणजे जुनी दुःखे. आता सगळे ऑनलाइन मिळते.’

हे ज्यानं लिहिलं, त्याच्या घरातलं कोणी कधी जात पडताळणी समितीच्या दारात उभं राहिलेलं नाही, एवढं नक्की. महाराष्ट्रात राखीव जागेवर इंजिनिअरिंगला, मेडिकलला प्रवेश घ्यायचा, राखीव जागेवरून निवडणूक लढवायची, तर जातीचा दाखला पुरत नाही, वैधता प्रमाणपत्र लागतं. आणि त्यासाठी पुरावा मागतात तो मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेच्या, आधीचा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. हे कोणा साहेबाच्या लहरीवर नाही, जात प्रमाणपत्राच्या राज्य कायद्याला आणि नियमांना धरून चालतं. वडिलांकडे आधीच वैधता असेल तर काम हलकं होतं. नसेल, तर आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला, गाव नमुना नंबर १४ म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जुना महसुली उतारा, असं काहीतरी शोधावं लागतं. तीन वर्षं कसली, साठ-सत्तर वर्षांमागचा कागद हवा असतो.

‘मिळेल की शाळेत’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेतलं जुनं जनरल रजिस्टर उघडून बघावं. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पानं एकमेकांना चिकटलेली. गुरुजी शोधायला तयार असतात, पण विचारतात, ‘साल कोणतं? रजिस्टर नंबर?’ तो नंबर असतो घरातल्या दाखल्यावर. आत्याच्या ढिगातला दादांचा दाखला हातात घेऊन बघितला. घड्यांवर फाटलेला, मागून सेलोटेप लावलेला, टेपही पिवळी होऊन सुटलेली. जातीच्या रकान्यातली शाई अजून वाचता येते आणि वरच्या कोपऱ्यात रजिस्टर नंबर आहे. हा कागद नुसता पुरावा नाही, मूळ नोंद कुठे शोधायची त्याचा पत्ता आहे. तो रद्दीत गेला की नोंद दप्तरात असूनही तुमच्यासाठी नसल्यासारखीच.

आणि दप्तरातली नोंद शोधणं किती सोपं आहे, ते २०२३च्या सप्टेंबरपासून सगळ्या महाराष्ट्रानं बघितलंय. कुणबी नोंदी शोधायला सरकारला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमावी लागली. गावोगावची दप्तरं उघडली गेली, मोडी वाचणारी माणसं शोधून आणावी लागली. आरक्षणाच्या वादात तुमची बाजू कोणतीही असो, पण एक ओळ सापडावी म्हणून एवढी यंत्रणा राबलेली बघूनही ‘सगळं ऑनलाइन मिळतं’ म्हणायला धारिष्ट्य लागतं.

बरं, जातीचं सोडा. त्याच मुद्द्यात पुढे ‘जुनी वीजबिले तर आधी फाडा’ असं आहे. मुंबईतल्या झोपडपट्टीत राहणाऱ्या माणसाला हे सांगून बघा. पुनर्वसन योजनेत मोफत घर हवं असेल तर १ जानेवारी २०००च्या आधीपासून तिथे राहत असल्याचा पुरावा लागतो. त्यानंतरचे, १ जानेवारी २०११पर्यंतचे, सशुल्क घराला पात्र. पुरावा म्हणजे काय? मतदार यादीतलं नाव, फोटोपास म्हणजे झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र, आणि हेच लाइटबिल. १९९९चं एक लाइटबिल म्हणजे आज एक घर. ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून देव्हाऱ्यामागे ठेवणारी बाई पसारा करत नसते.

फ्लॅटवाल्यांनाही सुटका नाही. घर विकायला काढलं की घेणाऱ्याची बँक आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी मागते, सोसायटीचा भाग दाखला म्हणजे शेअर सर्टिफिकेट मागते. वडिलांनी कधीकाळी घेतलेल्या कंपनीच्या शेअरांचे कागद सापडले तर तेही जपा. सात वर्षं लाभांश कोणी घेतला नाही तर पैसे आणि शेअर दोन्ही केंद्राच्या निधीत जमा होतात. ते परत मागता येतात, पण हातात कागद असेल तर बोलणं सोपं जातं.

आता थोडं मान्यही करतो. आत्याच्या ढिगातला निम्म्याहून जास्त भाग खरंच रद्दी होता. मेलेल्या फ्रीजचं वॉरंटी कार्ड, बँकेच्या पैसे भरल्याच्या स्लिपा, लग्नपत्रिका, भविष्याची वार्षिकं. जाऊ देत. पण निवड कागद कसला आहे ते बघून करायची, किती जुना आहे ते बघून नाही. आणि निवडताना ज्याला त्यातलं कळतं तो घरात हवा. सुनेनं किंवा मुलानं रविवारच्या दुपारी सासऱ्यांची ट्रंक परस्पर रिकामी करणं याला आवराआवर म्हणत नाहीत.

पहिला मुद्दा तर हसण्यावारी नेण्याजोगा आहे. ‘वर्षभरात न वापरलेली वस्तू लगेच बाहेर.’ हे म्हणे जपानी. अहो, २०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून दिवाळी आदल्या वर्षीपेक्षा अठरा दिवस उशिरा येते. म्हणजे २०२५च्या लक्ष्मीपूजनाच्या आसपास चकल्या पाडलेला सोऱ्या या नियमानं चकलीची भाजणी दळून येईपर्यंत भंगारात गेलेला असणार. पुरणयंत्र, गौरींचे मुखवटे, मखर, पावसाळ्यात खिडकीला बांधायची ताडपत्री, पाहुणे आले की लागणारी जादा गादी, सगळ्यांचा हाच निकाल. आपल्याकडच्या घरातल्या वस्तू ऋतू आणि सण बघून बाहेर येतात. त्यांना वर्षभर कामावर हजेरी लावायला सांगण्यात अर्थ नाही.

जागा खाणारं सामान वेगळंच असतं आणि त्याचा मजकुरात पत्ताच नाही. श्रीखंडाचे रिकामे डबे, हॉटेलच्या पार्सलचे काळे डबे, मोबाइलची खोकी, लग्नांत आहेर म्हणून आलेली आणि पुढच्या लग्नात आहेर म्हणून जाण्याची वाट बघणारी भिंतीवरची घड्याळं. वन बीएचकेतल्या दिवाणाखाली निम्मं हेच सापडेल. हे काढलंत तर माझी पूर्ण संमती.

दुसरा मुद्दा: ‘काळवंडलेली पितळी भांडी दारिद्र्य आणतात, मोडीत काढा.’ मोडीत काढलीत तर घट धरून मिळतात चार पैसे, आणि तसंच नवं पातेलं घ्यायला गेलात की डोळे पांढरे होतात. भांडं काळं पडलं तर चिंच आणि मीठ आहे. आतली कल्हई गेली असेल तर मात्र आमटी, ताक, कढी त्यात ठेवू नका. आंबट पदार्थ कळकतो, पोट बिघडतं. एवढं खरं आहे. त्यावरचा उपाय कल्हईवाला: भांडं तापवून, नवसागर टाकून, आत कथील कापसानं फिरवलं की झालं. तो जवळपास मिळत नसेल तर त्या भांड्यात धान्य ठेवा.

सहावा मुद्दा वाचून राग आला. ‘गेलेल्या माणसाच्या वस्तू घरात ठेवल्यास आत्मा अडकतो.’ नवरा जाऊन चार महिने झालेल्या बाईला हे पाठवणाऱ्याला काय म्हणावं? चष्मा राहू दे, काठी राहू दे, स्वेटर राहू दे. द्यायचे तेव्हा ती देईल.

बंद घड्याळ, तडकलेला आरसा, फाटक्या चपला: टाका, नाहीतर दुरुस्त करा. नशिबाचा संबंध नाही. आणि लक्ष्मीचंच म्हणाल, तर लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतो. झाडायला सांगितलंय, ट्रंका रिकाम्या करायला नाही.

‘पसाऱ्यामुळे कॅन्सर होतो, हार्वर्डने सिद्ध केले’ हा सातवा. कॅन्सरचं सोडून द्या. यात अर्धं सत्य असलंच तर ते हार्वर्डमधलं नाही, लॉस एंजेलिसमधलं आहे. सॅक्सबी आणि रेपेटी या दोघी मानसशास्त्रज्ञांनी नोकरी करणाऱ्या जोडप्यांना स्वतःच्या घराचं वर्णन करायला लावलं. २०१०मध्ये तो अभ्यास छापून आला. ज्या बायकांच्या बोलण्यात घर पसरलेलं, अर्धवट कामांनी भरलेलं होतं, त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. पसाऱ्याचा जाच होतो, मान्य. पण पसाऱ्यामुळे ताण की ताणामुळे पसारा, हे त्यातून ठरत नाही. शिवाय तो जाच बायकांमध्येच ठळक दिसला, यावरून घर कोण आवरतं तेही कळतं.

राहता राहिला शेवटचा, ‘नको असलेले सगळे अमावास्येला जाळून टाका, औषधे बेसिनमध्ये ओता.’ जाळू नका. जुन्या साड्यांत निम्म्या पॉलिएस्टरच्या असतात, तो धूर तुमच्याच खिडकीतून आत येणार, आणि घनकचरा नियमांत कचरा उघड्यावर जाळायला मनाई आहे. सुती साड्यांच्या गोधड्या शिवून घ्या, बाकीचं बोहारणीला द्या. मुदत संपलेली औषधं, बॅटऱ्या, ट्यूबलाइट, सीएफएल हा घरगुती घातक कचरा आहे. वेगळ्या पिशवीत बांधा, वर ठळक लिहा आणि घंटागाडीवाल्याच्या हातात सांगून द्या. इन्शुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण घट्ट लावून ठेवा, पिशवीत सुट्या टाकू नका. कचरा वेचणाऱ्याच्या हातात घुसतात.